गिटारचा आवाज वॅटमध्ये मोजू नका

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी. या कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. ट्रॅक्टर नजरेला पडायच्या आधीच त्याच्यावरचं गाणं ऐकू येतं. ड्रायव्हरच्या आजूबाजूला ठोकलेल्या त्या पेट्या काही ट्रॅक्टर कंपनीतून येत नाहीत. कुठल्या तरी फिटरनं त्या बनवून बसवलेल्या असतात. कोणता स्पीकर किती ओहमचा, दोन जोडले तर आयसी गरम होईल का, पेटी किती खोल हवी, हे त्याला तोंडपाठ असतं. बेंजो पार्टीवाल्यांचंही तसंच. जपानमधल्या नागोयात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून तैशोगोतो हे वाद्य बनवलं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो म्हणून वाजू लागलं. त्याला पिकअप बसवून टेम्पोवरच्या कर्ण्यातून गल्लीभर पोचवायची करामत आपल्याच कारागिरांची.

इतकी जाण आजूबाजूला असताना, याच भागातल्या एखाद्या घरात दहावी-बारावी झालेल्या मुलीला किंवा मुलाला इलेक्ट्रिक गिटार घेऊन देतात तेव्हा मात्र कुणी फिटरला विचारत नाही. मोबाइलवर चित्र बघितलं जातं, खोक्यावरचा वॅटचा आकडा बघितला जातो, आणि जो आकडा मोठा नि किंमत लहान तो अ‍ॅम्प्लिफायर घरी येतो.

हे बदलायला हवं, कारण इलेक्ट्रिक गिटार हे एकट्यानं पुरं होणारं वाद्यच नाही. तिला सहसा साध्या गिटारसारखं पोकळ पोट नसतं. कंप पावणारी तार पिकअपमधल्या लोहचुंबकाच्या क्षेत्रात हालचाल करते, त्यातून अगदी क्षीण वीज निघते, आणि तिचा आवाज होतो तो अ‍ॅम्प आणि स्पीकरमध्ये. अर्धं वाद्य लाकडाचं, अर्धं त्या पेटीत. पेटी वाईट असेल तर शिकणाऱ्याला आपलंच बोट वाईट वाटायला लागतं. सुरुवातीच्या सहा महिन्यांत गिटार कपाटावर जाते, त्यामागे आळसापेक्षा हा चिरका, कोंदट आवाज अनेकदा जास्त कारणीभूत असतो. आपण वाजवतोय ते ऐकायला बरं वाटत नसेल, तर कुणीही रोज तासभर का बसेल?

खोक्यावरचा वॅटचा आकडा फक्त एवढंच सांगतो की अ‍ॅम्प आपल्या स्पीकरला जास्तीत जास्त किती वीज पुरवू शकतो. त्या विजेतून आवाज किती निघेल हे स्पीकर ठरवतो. ते मोजायची रीत ठरलेली आहे: स्पीकरला एक वॅट द्यायचा आणि एक मीटरवरून आवाज मोजायचा. स्वस्तातला लहान स्पीकर या कसोटीत साधारण ८५ ते ९० डेसिबलपाशी थांबतो. गिटारसाठी खास बनवलेले मोठे स्पीकर पंच्याण्णवच्या पुढे जातात. सेलेस्टियन या इंग्रजी कंपनीचा बारा इंची ‘ग्रीनबॅक’ ९८ डेसिबलचा, आणि तिचाच ‘व्हिंटेज ३०’ शंभरचा. दहा डेसिबलची तूट भरून काढायला वीज दहापट लागते. म्हणजे ८७ डेसिबलच्या स्पीकरला दहा वॅट देऊन जेवढा आवाज निघतो, तेवढाच ९७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटमध्ये काढतो. आणि दहाऐवजी वीस वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर वाढ होते ती फक्त तीन डेसिबलची. दुप्पट मोठा आवाज म्हणावा असा कानाला वाटायला वीज दहापटीच्या आसपास न्यावी लागते. ज्या घरात विहिरीवर पंप आहे तिथं हे एका वाक्यात कळतं: मोटार साडेसात हॉर्सपॉवरची आणि पाइप अर्ध्या इंचाचा, तर वाफ्यात पाणी किती पोचणार?

मोठेपणाइतकाच महत्त्वाचा आहे तो आवाजाचा पोत. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. पाच-सहा इंची स्पीकर आणि जेवणाच्या डब्याएवढी पेटी असेल तर एवढा खालचा स्वर तिच्यातून नीट निघतच नाही. ऐकू येतात ते त्याच्या वरचे सहस्वर. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवर जाड तारा पोकळ वाटतात आणि बारीक तारा टोचतात. वरच्या टोकाला गिटारचा चांगला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज आपणहून गाळतो. ही त्याची उणीव समजू नये, त्यानंच गिटारला तिचा ओळखीचा गोडवा दिला आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हवा: स्पीकर किती इंची आहे, आणि पेटी केवढी? फेंडरच्या फ्रंटमन १०जीला सहा इंची स्पीकर येतो, मार्शलच्या एमजी१०ला साडेसहा इंची, ऑरेंजच्या क्रश १२ला पुन्हा सहा इंची. तीन मोठी नावं, पण स्पीकर जवळजवळ सारखेच. तीनही कामचलाऊ आणि प्रामाणिक अ‍ॅम्प आहेत. ऑरेंजच्याच क्रश २०मध्ये आठ इंची स्पीकर येतो आणि तिथं फरक ऐकू येतो. तो वॅटमुळे कमी आणि त्या दोन इंचांमुळे, मोठ्या पेटीमुळे जास्त. अनोळखी नावाच्या, पण ‘चाळीस वॅट’ असं ठळक छापलेल्या पेटीपेक्षा आठ इंची स्पीकरचा वीस वॅटचा अ‍ॅम्प घरासाठी केव्हाही बरा.

घरातली खोली केवढी असते हेही लक्षात घ्यायला हवं. बारामतीतल्या फ्लॅटमधली मुलांची खोली दहा बाय बारा फुटांची. तिथं एक वॅटही पुष्कळ होतो. एरिक क्लॅप्टननं १९७० साली ‘लैला’ या गाजलेल्या अल्बमसाठी गिटार वाजवली ती फेंडरच्या चँपवर, आणि चँप हा घरगुती सरावासाठी बनवलेला जेमतेम पाच वॅटचा अ‍ॅम्प. लंडनच्या किंक्स बँडचा डेव्ह डेव्हिस यानं १९६४ साली एल्पिको नावाच्या चिमुकल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि त्यातून निघालेल्या फाटक्या आवाजानं रॉक संगीताला नवी दिशा दिली. लहान अ‍ॅम्प कमअस्सल असतो, ही समजूत या दोन उदाहरणांनीच निकालात निघावी.

मग घेतलेला अ‍ॅम्प अपुरा वाटू लागला तर? इथंच खरा मुद्दा येतो. गिटार अ‍ॅम्पचा सगळा इतिहास रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून आणि हाताशी असलेल्या सामानातून घडला आहे. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गावातले वादक बिघडलेले अ‍ॅम्प त्यांच्याकडे आणत, आणि त्या दुरुस्त्यांतूनच फेंडर कंपनी उभी राहिली. जिम मार्शल तर मूळचे ड्रमवादक. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथं येणारी पोरं फेंडरचा अमेरिकन अ‍ॅम्प मागत, पण तो महाग होता आणि सहज मिळतही नव्हता. मार्शल यांनी दुकानातला दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांना हाताशी धरलं. फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून, इंग्लंडमध्ये मिळणारे ट्रान्सफॉर्मर आणि इंग्लंडमध्येच बनणारे सेलेस्टियनचे स्पीकर वापरून १९६२ साली त्यांनी जेटीएम ४५ बनवला. सुटे भाग वेगळे म्हणून आवाज वेगळा झाला, आणि पुढची कित्येक वर्षं जगानं त्या वेगळेपणावरच जीव टाकला.

बारामतीत आणि इंदापुरात अशी माणसं आहेत. टीव्ही दुरुस्तीचा धंदा आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, पण सोल्डरिंगची इस्त्री अजून गरम होते. जुन्या कार टेपमधल्या ४४४० क्रमांकाच्या आयसीवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांना दहा वॅटच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये काहीही परकं वाटणार नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर तर साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटर केसिंगपर्यंत अवजड कामं करणारं गाव. एक लाकडी पेटी आणि दोन वायरी या परिसराला जड नाहीत. गिटारवाल्यानं त्यांच्या दारात जायचा संकोच सोडला पाहिजे आणि फिटरनंही या ‘इंग्रजी’ वाद्याला हात लावायला बिचकू नये.

पण खर्चाच्या आधी फुकटातल्या गोष्टी. अ‍ॅम्प फरशीवर ठेवला की त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या घोट्याला लागतो. कानापर्यंत पोचतो तो समोरच्या भिंतीवर आपटून आलेला. तोच अ‍ॅम्प स्टुलावर ठेवून थोडा मागे कलता केला, कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढला, की कोंदटपणा कमी होतो. स्लॅबचं घर, गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती यांत आवाज घुमतो. समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगली किंवा खाली सतरंजी अंथरली तरी टोचरेपणा उतरतो. गंजलेल्या तारा बदलल्या तर मेलेला आवाज जिवंत होतो, आणि नव्या तारांचा एक संच अ‍ॅम्पच्या किमतीच्या मानानं काहीच नसतो. अ‍ॅम्पवरचं गेन पूर्ण चढवून ठेवायची सवय लागते, तीही सोडावी. स्वस्त अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन बहुधा त्याची सगळ्यात कच्ची बाजू असते. स्वच्छ आवाजावर ठेवलेला तोच अ‍ॅम्प पुष्कळ शहाण्यासारखा वागतो, आणि बोटांच्या चुका ऐकू आल्यामुळे शिकणंही लवकर होतं.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर स्पीकरकडे वळावं. बहुतेक लहान अ‍ॅम्पच्या आत पाहिलं तर सर्किटच्या पाटीवरून स्पीकरकडे दोन वायरी गेलेल्या दिसतात. त्या वायरींवर एक जॅक बसवायचा आणि बाहेर, वेगळ्या पेटीत, आठ किंवा दहा इंची गिटार स्पीकर जोडायचा. एवढंच काम आहे, पण ते अ‍ॅम्पचा आवाज जितका बदलतं तितका बदल दुसऱ्या कुठल्याही किरकोळ खर्चात होत नाही. पेटी अठरा मिलीमीटर प्लायवूडची, खिळ्यांऐवजी फेव्हिकॉल आणि स्क्रूंनी पक्की केलेली, दहा इंची स्पीकरला सोळा-सतरा इंच लांबी-रुंदीची आणि नऊ-दहा इंच खोल असली तर छान चालते. मागची बाजू निम्मी उघडी ठेवली तर आवाज खोलीभर पसरतो. बंद केली तर खालचे स्वर घट्ट होतात. घरासाठी उघडी पाठ बरी. सुताराला दारा-खिडक्यांच्या कामातून अर्धा दिवस काढावा लागेल, आणि स्पीकर, प्लाय, मजुरी धरून होणारा खर्च मोठा नवा अ‍ॅम्प घेण्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच भरेल. शिवाय पुढे अ‍ॅम्प बदलला तरी पेटी कामाला येते.

यात एक नियम मोडायचा नाही. जुना स्पीकर आठ ओहमचा असेल तर नवाही आठचाच हवा. चार ओहमच्या जागी आठ लावला तर आवाज थोडा उतरेल, एवढंच. आठच्या जागी चार लावला तर आयसीवर दुप्पट ताण येऊन ती जळू शकते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प असेल तर त्याला घरी उघडूच नये. त्यात तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार उरू शकतो. साध्या आयसीच्या अ‍ॅम्पचंही झाकण जाणत्या माणसानंच, प्लग काढून उघडावं.

ट्रॅक्टरवरचा वूफर मात्र गिटारला लावू नये. तो ढोलाच्या ठोक्यासाठी बनलेला असतो. त्याचा पडदा जड, त्यामुळे विजेची भूक मोठी, आणि गिटारचा प्राण ज्या मधल्या पट्टीत आहे तिथं तो मुका. फिटरकडे जाताना हे त्याला स्पष्ट सांगावं, नाहीतर तो त्याच्या मते उत्तम तेच देईल.

गावोगावच्या भजनी मंडळांकडे अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि कर्णा असतो. काकड्यापासून हरिपाठापर्यंत तो इमानानं काम करतो. गिटार हाती आलेल्या पोरांनी त्यातच पिन खुपसून पाहणं साहजिक आहे, आणि आवाज ऐकून हिरमुसणंही साहजिक. गिटारच्या पिकअपला पुढचं सर्किट जवळपास दहा लाख ओहमच्या अवरोधाचं हवं असतं. माइकच्या खाचेत तो अवरोध फार तर काही हजारांत असतो. पिकअपची क्षीण वीज तिथं दबून जाते, वरचे स्वर गळतात, आणि कर्णा उरलेलं जे काही असेल ते नाकात बोलल्यासारखं बाहेर टाकतो. गिटार बिघडलेली नसते आणि मंडळाचा अ‍ॅम्पही नाही. दोघांची गाठ चुकीच्या ठिकाणी पडलेली असते.

ब्लूटूथ स्पीकरचं तर आणखी वेगळं. गाणी ऐकायला तो उत्तम, पण गिटारचा आवाज त्यातून पाठवायचा झाला तर तार छेडल्यावर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यानं तो बाहेर येतो. एवढ्या उशिरानं ताल धरता येत नाही. वायरनं जोडलेल्या अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तर आवाज कानाशी यायला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. ज्या अ‍ॅम्पमध्ये ब्लूटूथ असतं ते सोबतीचं गाणं वाजवण्यासाठी. गिटार वायरनंच जोडायची.

विजेचा प्रश्न या भागात फार जवळचा आहे, आणि अ‍ॅम्पच्या तक्रारींतला मोठा वाटा खरं तर विजेचा असतो. शेतातल्या वस्तीवर मोटारीचा स्टार्टर पडला की दिवे मिणमिणतात आणि अ‍ॅम्पमध्ये ‘टक्’ वाजतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागतो. तो जुन्या स्क्वेअर वेव्ह जातीचा असेल तर अ‍ॅम्प मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावतो. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती घोंघावणी जवळजवळ नाहीशी होते. एलईडी ट्यूब आणि मोबाइलचे स्वस्त चार्जर एकाच वेटोळ्याच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपला छळतात. यावर तोडगा जुना आहे: गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडून बाहेरचा गुणगुणाट एकमेकांत जिरवणारा हंबकर पिकअप तयार केला. वस्तीवर राहणाऱ्या मुलासाठी गिटार निवडताना हंबकरवाली निवडली तर अर्धी डोकेदुखी टळते. वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प हा चैनीचा नाही, गरजेचा पर्याय ठरतो. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स तीन वॅटचा, आणि दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात.

आणि अर्थिंग. याबाबत तडजोड नको. अ‍ॅम्पचा प्लग तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन काढून टाकणारी दुपिनी टोपी लावू नये. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या जोडलेल्या यंत्रात बिघाड झाला, तर वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथं मंचावर नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताना विजेच्या धक्क्यानं गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. गिटार आणायच्या आठवड्यातच घरचं अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. हा खर्च गिटारच्या नावावर टाका, पण उपयोग घरातल्या प्रत्येकाला होईल.

बारामती आता फ्लॅटची झाली आहे. एमआयडीसी, महाविद्यालयं, दवाखाने यांच्यामुळे वस्ती दाटली, भिंतीला भिंत लागली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या झोपेइतकाच विचार मुलांच्या कानांचा व्हावा. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या संस्थेचा दंडक सांगतो की ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालेल, पण दर तीन डेसिबलनं ती मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला उरतो फक्त एक तास. बंद खोलीत जवळ बसून वाजवताना हा आकडा गाठायला लहानसा अ‍ॅम्प पुरतो. म्हणून हेडफोनची खाच नसलेला अ‍ॅम्प घरासाठी घेऊच नये, आणि हेडफोन लावल्यावरही आवाज अर्ध्याच्या खाली ठेवावा. परीक्षा तोंडावर असलेल्या भावंडाबरोबर एका खोलीत राहणाऱ्या मुलाला तर हेडफोनच गिटार टिकवून देतो.

अलीकडे दुसराही रस्ता खुला झाला आहे. लाइन ६ कंपनीनं १९९८ साली ‘पॉड’ नावाची लाल पेटी आणली आणि नामांकित अ‍ॅम्पचे आवाज गणितानं उभे करायची सोय सामान्य वादकाच्या हाती आली. आज बॉस, यामाहा, फेंडर यांचे घरगुती अ‍ॅम्प हेच करतात. ज्याच्याकडे कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप आहे त्याला एखादा ऑडिओ इंटरफेस आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यात हजारो रुपयांच्या अ‍ॅम्पच्या जवळपास जाणारा आवाज हेडफोनवर मिळतो. हा पर्याय चांगला आहे, पण पहिल्या वर्षासाठी नाही. शंभर आवाज हाताशी असले की नवखा वादक आवाज बदलण्यात संध्याकाळ घालवतो. एक बटण फिरवून चालू होणारा, एकच स्वच्छ आवाज देणारा अ‍ॅम्प सुरुवातीला जास्त शिकवतो. वर्षभरानंतर, हात बसल्यावर, डिजिटलकडे जरूर जावं.

गॅदरिंगला वाजवायचं म्हणून मोठा अ‍ॅम्प हवा, हा हट्ट मुलं धरतात आणि आईवडील गडबडतात. त्याची गरज नाही. बारामतीतल्या विद्या प्रतिष्ठानच्या गदिमा सभागृहासारख्या ठिकाणी ध्वनियोजना असतेच. लहान अ‍ॅम्पसमोर एक माइक उभा केला की तोच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. जगभरच्या मोठ्या मंचांवरही गिटारचे अ‍ॅम्प असेच माइक लावून ऐकवले जातात.

परदेशातल्या नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारावी. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा अ‍ॅम्प असेल आणि अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर चिंता नाही. ट्रान्सफॉर्मर आतच असलेला, फक्त १२० व्होल्टचा अ‍ॅम्प इथल्या सॉकेटला लावला तर त्याचा पहिला दिवस शेवटचा ठरेल. त्याला वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो धरला तर स्वस्ताई संपते.

राहिला तो ऐकून घेण्याचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. चार अ‍ॅम्प शेजारी ठेवून, आपल्याच गिटारवर ऐकायचे तर या दोन तालुक्यांतल्या बहुतेकांना पुणं गाठावं लागतं. बारामतीहून ते शंभर किलोमीटर, इंदापूरहून सव्वाशेच्याही पुढे. सुटे भाग आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच, पण अ‍ॅम्प पारखायला दरवेळी एवढा प्रवास कोण करणार? म्हणून लोक न ऐकता मागवतात, आणि आकड्यांवर विसंबतात.

हे काम इथल्या संस्था करू शकतात. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून या भागातल्या मुलांना शिकवत आहे. कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं दरवर्षी प्रकल्प करतात. त्यांतल्या एखाद्या गटाला पाच वॅटचा गिटार अ‍ॅम्प आणि दहा इंची पेटी बनवायला द्यावी, ओहम आणि डेसिबल मोजून नोंदवायला लावावं, आणि तो अ‍ॅम्प कॉलेजच्या संगीत विभागात वापरात ठेवावा. आयटीआयमधल्या सुतारकामाच्या आणि विजेच्या मुलांनी पेटी आणि अर्थिंगची बाजू सांभाळावी. दुकानदारांनीही खोकं न उघडता विकायची पद्धत सोडून निदान एक नमुना लावून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला आपली गिटार घेऊन या म्हणावं. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या एका वर्गात गावातले पाच-सहा जण आपापले अ‍ॅम्प घेऊन आले, फिटर आला, एकच गिटार सगळ्यांवर वाजवून पाहिली, तर इंदापूरच्या मुलीला पुण्याची एसटी न पकडता ठरवता येईल की आपले सहा हजार रुपये नव्या अ‍ॅम्पवर घालायचे की जुन्याच अ‍ॅम्पला सुताराकडून पेटी करून घ्यायची.